पोटावरून हात फिरवताना: दिशा, दाब आणि रोजचा नेम

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पोट साफ होऊन त्या दिवशी पाच दिवस झाले होते. पार्किन्सन्सचं निदान होऊन चार वर्षं उलटली होती. हात थरथरायचे, चाल मंदावली होती, पण त्यांची तक्रार एकच असायची: "पोटाचं काहीतरी कर रे." जेवून ते आडवे झाले तसा मी शेजारी बसलो आणि पोट चोळायला लागलो. कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी पोट दुखलं की आई हात फिरवायची, तेवढंच डोक्यात होतं. पोट गच्च झालंय म्हणजे जोरात दाबायला हवं असं वाटलं, म्हणून जोरात दाबलं. दहा मिनिटांत त्यांना मळमळायला लागलं आणि जेवलेलं सगळं उलटून पडलं.

त्यांना चालण्याचे व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी यायच्या. दोन दिवसांनी त्या आल्या तेव्हा मी घडलेलं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. माझा हात धरून त्यांनी अण्णांच्या बेंबीवर ठेवला, त्यावर स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाल्या, "आधी काहीच करू नका. नुसता ठेवा. श्वास कळतोय का बघा." मिनिटभर आम्ही तसेच बसलो. हात श्वासाबरोबर वर जात होता, खाली येत होता. मग हळूहळू पोट सैल पडायला लागलं. आदल्या वेळी दहा मिनिटं जोर लावून जे झालं नव्हतं, ते हात नुसता ठेवल्यावर झालं.

त्या दिवशी ताईंकडून शिकलो आणि पुढची तीन वर्षं रोज करत गेल्यावर हाताला आणखी बरंच उमगलं. तेच इथे लिहितोय. माझ्यासारखं कुणाचं तरी करणाऱ्यांना आणि स्वतःचंच पोट त्रास देत असलेल्यांनाही ते उपयोगी पडावं. मूळ गोष्ट सांगून टाकतो: या मालिशमध्ये ताकद लागत नाही. हात योग्य दिशेनं, सावकाश आणि रोज फिरला पाहिजे.

आधी आतडं कुठून कुठे जातं ते समजून घ्या

पोटाच्या मालिशमध्ये हात मुख्यतः मोठ्या आतड्याच्या वाटेनं चालतो. हे आतडं साधारण दीड मीटर लांब असतं आणि पोटात चौकटीसारखं बसलेलं असतं. सुरुवात उजव्या बाजूला खाली, कंबरेच्या हाडाच्या जरा आत. तिथून ते सरळ वर उजव्या बरगड्यांखाली जातं, तिथे वळून आडवं होतं आणि डाव्या बरगड्यांखाली पोचतं. तिथे पुन्हा वळून डाव्या कुशीनं खाली उतरतं आणि ओटीपोटात नागमोडी होऊन गुदाशयाला मिळतं. आडवा भाग सरळ रेघेत नसतो, झोळीसारखा मध्ये थोडा लोंबतो. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. त्यामुळे आतडं तंतोतंत बोटाखाली सापडलं पाहिजे असं काही नाही. वाट साधारण माहीत असली की पुरे.

पोटावर घड्याळ ठेवलंय असं समजा, बाराचा आकडा छातीकडे आणि सहाचा ओटीपोटाकडे. घड्याळाचा काटा फिरतो तसाच हात फिरवायचा. आठच्या आकड्यापासून वर, मग आडवा, मग चारच्या आकड्यापर्यंत खाली. स्वतःचं पोट चोळत असाल तरी दिशा हीच. उजवीकडून वर, डावीकडून खाली, एवढं पाठ केलंत तरी चुकणार नाही. पहिल्या दिवशी मी नेमका उलटा फिरवत होतो.

आतड्याच्या भिंतीत स्नायू असतात आणि ते लाटेसारखे आवळत-सैल होत आतला मळ पुढे ढकलतात. मोठ्या आतड्यात मळ सरकवणाऱ्या जोरदार लाटा दिवसातून मोजक्याच वेळा येतात, मुख्यतः सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर. अन्न पोटात गेलं की मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा मिळतो, म्हणून पुष्कळांना न्याहारीनंतर संडासला लागते. पार्किन्सन्समध्ये आतड्याच्या नसाही मंदावतात. हाताची थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठता सुरू झालेली असू शकते, आणि अण्णांच्या बाबतीत मागे वळून पाहिलं तर तसंच झालं होतं. आम्ही ते वयावर ढकलत राहिलो.

मालिश दोन वाटांनी काम करते असं मानतात. एक म्हणजे बाहेरून ताण पडला की आतड्याच्या भिंतीतल्या नसांना चालना मिळते आणि लाट उठते. दुसरी म्हणजे सावकाश, उबदार स्पर्शानं अंग सैल पडतं आणि मज्जासंस्थेचा विश्रांतीच्या वेळी चालणारा भाग पुढे येतो. पचनाची सूत्रं त्याच भागाकडे असतात. घाबरलेल्या, आखडलेल्या माणसाचं पोट हलत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मला ही दुसरी वाट जास्त महत्त्वाची वाटते.

काय मिळतं आणि काय मिळत नाही

२००९ साली स्वीडनमध्ये बद्धकोष्ठता असलेल्या ६० जणांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना त्यांच्या नेहमीच्या औषधांबरोबर आठ आठवडे पोटाची मालिश दिली. त्यांची पोटदुखी आणि बद्धकोष्ठतेचा त्रास कमी झाला, पोट जास्त वेळा साफ झालं. पण औषधं कमी झाली नाहीत. २०१८ साली ब्रिटनमधून मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) झालेल्या सुमारे १९० जणांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात रोजची मालिश घेणाऱ्यांच्या एकूण त्रासाच्या गुणांकात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता, पोट साफ होण्याची वारंवारता थोडी वाढली होती, एवढंच.

हे दोन्ही मुद्दाम सांगतोय. मालिश मदत करते, काहींना छान, काहींना थोडी, काहींना नाही. ती औषधाच्या जोडीला असते. मालिश सुरू केली म्हणून डॉक्टरांनी दिलेलं सारक औषध आपल्या मनानं बंद करू नका. अण्णांचं औषध शेवटपर्यंत बंद झालं नाही, फक्त डॉक्टरांनी मात्रा एकदा कमी केली. मात्र एनिमा द्यायची वेळ, जी आधी दर पंधरवड्याला यायची, ती नंतर क्वचित आली. ज्यानं आपल्या वडिलांना एनिमा दिलाय त्याला यात काय मिळालं ते वेगळं सांगायला नको.

गॅस धरलेला असेल तर फरक सगळ्यात लवकर दिसतो. डाव्या बरगड्यांखालचं वळण बऱ्यापैकी उंच आणि तिरकं असतं, तिथे वायू अडकला की छातीपर्यंत कळ येते. सावकाश फिरवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोटात गुरगुर ऐकू येते, वायू सरतो, माणूस "हुश्श" म्हणतो. बद्धकोष्ठतेला मात्र आठवडे लागतात. दोन दिवस करून "काही झालं नाही" म्हणू नका. आम्हाला धड फरक दिसायला चौथा आठवडा उजाडला.

पाळीच्या दुखण्यातही ओटीपोटावर आणि कंबरेवर हलका हात फिरवल्यानं अनेकींना बरं वाटतं. त्यावरचे अभ्यास लहान लहान आहेत, पण माझी बायको गरम पाण्याच्या पिशवीबरोबर हेच करते आणि तिचा अनुभव चांगला आहे. शिवाय झोप. अण्णा मालिश चालू असतानाच डोळे मिटायचे.

पोटावरची चरबी मात्र मालिशनं वितळत नाही. "विषारी द्रव्यं बाहेर पडतात" असंही कुणी सांगेल, त्याला काही आधार नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतातच. अण्णांच्या आजारपणात एका मालिशवाल्यानं आम्हाला "खोल दाब देऊन आतडी सोडवतो" असं सांगितलं होतं. त्यानं दिलेल्या दाबानं अण्णांच्या पोटावर दोन दिवस निळसर डाग होते. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे त्यानं विचारलं नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. अण्णा निमूट पडून राहिले होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून पुढचा भाग वगळू नका.

कधी हात लावायचा नाही

पोटात अचानक जोराची कळ उठली असेल, बरोबर ताप असेल, उलट्या होत असतील, पोट फुगून दगडासारखं झालं असेल आणि वायूही सरत नसेल, तर मालिश नाही. थेट डॉक्टर. आतडं अडलेलं असू शकतं, अपेंडिक्स सुजलेलं असू शकतं, आणि अशा वेळी चोळणं धोक्याचं असतं. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीभोवती सुरू होऊन मग उजवीकडे खाली सरकतं, त्यामुळे सुरुवातीला ते साधी पोटदुखी वाटू शकतं.

गरोदरपणात पोटाची मालिश करू नका. हलका हात ठेवणं वेगळं, दाब देऊन फिरवणं वेगळं. हर्निया असेल, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली आहे असं तपासणीत आलं असेल, पोटात पाणी झालं असेल, गाठ किंवा कर्करोग असेल, आतड्याच्या दाहाचा आजार उफाळलेला असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारा, आणि परवानगी मिळाली तरी फक्त वरवरचा हात. पोटाचं ऑपरेशन झालं असेल, सिझेरियन धरून, तर जखम पूर्ण भरून डॉक्टर सांगेपर्यंत थांबा. याला सहसा निदान सहा आठवडे तरी लागतात.

शौचातून रक्त जात असेल, मळ डांबरासारखा काळा होत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, किंवा पोट साफ होण्याची वर्षानुवर्षांची सवय काही आठवड्यांत बदलून तशीच राहिली असेल, तर मालिशच्या नादात दिवस घालवू नका. आधी तपासणी.

आणि एक गोष्ट घाबरू नये म्हणून. बारीक माणसाच्या पोटावर बेंबीच्या वर, जरा डावीकडे, हाताला ठोके लागतात. ती महाधमनी, ती तिथेच असते. पहिल्यांदा लागले तेव्हा मी हात झटकन काढून घेतला होता. तिथे दाबायचं नाही, एवढंच. पण वयस्कर माणसाला तिथे फुगीर, ठोके देणारी गाठ जाणवली तर ते दाखवून घ्यायला हवं.

आता हात

वेळ ठरवा. जेवल्यावर निदान दीड-दोन तास जाऊ द्या. आम्ही सकाळची वेळ धरली: उठल्यावर कोमट पाणी, मग मालिश, मग न्याहारी, मग संडासला बसणं. न्याहारीनं आतड्याला जो इशारा मिळतो तो आणि मालिशची चालना एकामागोमाग येतात, म्हणून हा क्रम जमला. तुम्हाला रात्रीच जमत असेल तर रात्री करा, पण रोज तीच वेळ ठेवा. आठवड्यातले पाच दिवस तरी व्हायलाच हवेत. एकेका वेळी दहा ते पंधरा मिनिटं पुरतात.

आधी लघवी करून घ्यायला सांगा, भरलेल्या मूत्राशयावर हात नकोसा होतो. पाठीवर झोपवा, डोक्याखाली उशी. गुडघ्यांखाली दुसरी जाड उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवा. ही गुडघ्याखालची उशी विसरू नका. पाय सरळ असले की पोटाचे स्नायू ताणलेले राहतात आणि हात वरच्यावर घसरतो. गुडघे वाकले की पोट मऊ पडतं. नाडा, कंबरपट्टा सैल करा. छाती आणि पाय पांघरुणात असू द्या, थंडी वाजली की माणूस आखडतो.

स्वतःची नखं कापा, अंगठी काढा, हात गरम करा. थंडीत मी तळवे कोमट पाण्यात बुडवून पुसून घेतो. तेल कुठलंही साधं चालतं, चमचाभर पुरतं. ते आधी तळव्यावर घेऊन चोळायचं, पोटावर थेट ओतायचं नाही. तेल नको असेल तर पातळ सुती कपड्यावरूनही करता येतं.

बसायचं कुठे, हे कोणी सांगत नाही. मी त्यांच्या उजव्या हाताला, पलंगाच्या कडेला बसतो, तोंड त्यांच्या चेहऱ्याकडे. चेहरा दिसला पाहिजे. दुखलं तर तोंडानं सांगण्याआधी भुवई सांगते, आणि पार्किन्सन्समध्ये चेहरा कमी बोलतो म्हणून मी दर मिनिटा-दोन मिनिटांनी विचारायचो, "दाब ठीक आहे ना अण्णा?"

पहिलं मिनिट नुसता हात. दोन्ही तळवे बेंबीवर, एकावर एक. श्वास सोडताना पोट खाली जातं, त्याबरोबर हात जरा जड होऊ द्या. दाबायचं नाही, हाताचं वजन सोडायचं.

मग आडवा हात. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत, दोन्ही तळवे आलटून पालटून, आठ-दहा वेळा. यानं कातडी आणि वरचे स्नायू हाताला सरावतात.

यानंतर मुख्य भाग. ताईंनी मला तो तीन टप्प्यांत शिकवला. लहान बाळांच्या आयांना हाच प्रकार "आय लव्ह यू" म्हणून शिकवतात, कारण पोटाकडे समोरून पाहिलं तर हात उभ्या रेघेचा आय, मग उलटा एल आणि मग उलटा यू काढतो.

पहिला टप्पा डाव्या बाजूचा: डाव्या बरगड्यांखालून सरळ खाली, डाव्या कंबरेच्या हाडाच्या आतपर्यंत. दहा वेळा. मला प्रश्न पडला होता की आतडं उजवीकडून सुरू होतं तर आपण डावीकडून का? ताई म्हणाल्या, "रांगेत पुढचा माणूस हलला तर मागचा हलेल ना?" मळ बाहेर पडतो तो डावीकडच्या टोकाकडून. ते टोक आधी मोकळं करायचं. दुसरा टप्पा: उजव्या बरगड्यांखालून आडवं डावीकडे, आणि तसंच डावीकडून खाली. पुन्हा दहा. तिसरा टप्पा: उजवीकडे खालून, कंबरेच्या हाडापासून वर, आडवं, आणि डावीकडून खाली. पूर्ण चौकट. ही मी पंधरा-वीस वेळा करतो.

वेग किती? उजव्या खालच्या कोपऱ्यापासून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला निदान पाच-सहा सेकंद लागले पाहिजेत. नवीन माणसाचा हात नेहमी फार भरभर चालतो. माझा तर चालायचाच. मी एका पूर्ण श्वासाला एक फेरी असा नेम घातला, माझ्या नव्हे, अण्णांच्या श्वासाला. मग आपोआप सावकाश झालं.

दाब किती? बोटांची टोकं वापरू नका, चारही बोटांचा सपाट भाग आणि तळवा वापरा. कातडी हाताबरोबर थोडी सरकली पाहिजे आणि पोटात एक-दीड सेंटीमीटर खोल हात गेल्यासारखं वाटलं पाहिजे. श्वास अडला, पोट आवळलं, हातावर हात आला, तर दाब जास्त आहे. बरगड्यांजवळ हलका, कुशीत जरा जास्त, बेंबीच्या आसपास सगळ्यात हलका.

डावीकडे खाली कधी कधी हाताला लांबट, पिठाच्या वळीसारखं काहीतरी लागतं. तो साठलेला मळ असतो. मला पहिल्यांदा लागलं तेव्हा वाटलं, इथेच दाबून पुढे ढकलूया. तसं करू नका. त्या जागेवर तळवा ठेवून अगदी छोटी गोल वर्तुळं काढायची, पाच-सहा, मग अर्धा इंच खाली सरकून पुन्हा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती वळी मऊ झाल्यासारखी हाताला कळते, आणि एक दिवस नसते. कठीण लागलेली जागा अशीच राहिली, किंवा पोट साफ होऊनही गेली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवा.

शेवटी पुन्हा नुसता हात. बेंबीवर, मिनिटभर. पांघरूण घाला आणि पाच मिनिटं पडू द्या.

संडासला बसणं हाही मालिशचाच भाग

मालिश नीट झाली आणि माणूस कमोडवर पाय लोंबकळत बसला तर अर्धं काम वाया जातं. गुदद्वाराजवळ एक स्नायू गळपट्ट्यासारखा आतड्याला ओढून धरतो, त्यामुळे तिथे वाकण असतं. गुडघे कंबरेपेक्षा वर आले की हा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. म्हणून पायांखाली साधारण वीस सेंटीमीटर उंचीचा स्टूल ठेवा, पुढे झुकून कोपरं मांडीवर टेकायला सांगा. तोल जाणाऱ्या माणसाला एकट्याला सोडू नका, बाजूला धरायला दांडी हवी. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका आणि कुंथायला लावू नका. नाही झालं तर नाही झालं, उद्या पुन्हा.

एक वही ठेवा. तारीख, मालिश केली का, शौचाला झाली का, आणि कशी झाली. "कशी" साठी ब्रिस्टल तक्ता सोपा पडतो. १९९७ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मळाचे सात प्रकार ठरवून दिले: पहिला म्हणजे सुट्या कडक गोळ्या, सातवा म्हणजे नुसतं पाणी, तिसरा-चौथा चांगला. अण्णांच्या वहीत पहिल्या आठवड्यात दोनदा "१" लिहिलंय. सहाव्या आठवड्यात चार नोंदी आहेत, त्यातल्या तीन "३". ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हाच औषधाची मात्रा कमी करण्याचं बोलणं झालं. नुसतं "आता बरं आहे" म्हटलं असतं तर झालं नसतं.

पाणी आणि हालचाल यांच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की कोरड्या आतड्यावर कितीही हात फिरवला तरी मळ मऊ होत नाही.

बाळाला, आणि स्वतःला

बाळाच्या पोटाला दोन बोटांचा सपाट भाग पुरतो, दाब इतका की स्वतःच्या पापणीवरून बोट फिरवलं तर दुखणार नाही. नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत बेंबीपासून लांब राहा. दूध पाजल्यावर लगेच नाही. तेच तीन टप्पे, तीन-चार वेळा, मग दोन्ही गुडघे हळूच पोटाकडे आणायचे आणि सोडायचे. बाळ तोंड फिरवू लागलं, पाठ ताणू लागलं की थांबायचं. सतत किंचाळून रडणारं, हिरवी उलटी करणारं किंवा दूध न घेणारं बाळ असेल तर मालिश बाजूला ठेवून तडक दवाखान्यात न्या.

स्वतःचं पोट स्वतः करणं खरं तर सोपं, कारण किती दाब सोसतो ते लगेच कळतं. सकाळी डोळा उघडला की अंथरुणातच गुडघे वाकवा. उजवा तळवा उजव्या कंबरेच्या हाडाजवळ, डावा तळवा त्यावर, आणि चला वर. डावीकडे खाली उतरताना उजवा हात अवघडला तर हात बदला. ऑफिसात पोट फुगलं तर खुर्चीत मागे टेकून, कपड्यावरूनही चार-पाच फेऱ्या करता येतात, फक्त कंबरपट्टा सैल करायला विसरू नका. ज्यांना आडवं होता येत नाही त्यांनी पाठीला आणि गुडघ्यांखाली उशा देऊन अर्धवट बसून करावं.

दुसऱ्या वर्षी अण्णा एक दिवस म्हणाले, "दे, मी करतो." थरथरणारा हात उजवीकडून वर गेला, आडवा झाला. डाव्या वळणाशी खांदा थकला तसा हात थांबला. तिथून खालपर्यंतची वाट मी केली. त्यानंतर आमचं तसंच ठरून गेलं: उजवी बाजू आणि आडवी त्यांची, डावी माझी.